पलाशदिघी खटल्यातला पदर

पलाशदिघी खटल्यावर पुढं शाळेच्या पुस्तकात धडा आला. त्यात वकिलांची भाषणं आहेत, इंग्रज न्यायाधीशाचा संताप आहे, आणि शेवटी ‘एका ग्रामीण महिलेने आरोपीस ओळखण्यास नकार दिला’ एवढं एक वाक्य आहे. ती महिला म्हणजे सरखेलांची धाकटी सून निभाननी. नकार दिला म्हणे! नकार तर अख्ख्या गावानं दिला होता, त्यानं काय झालं?

खटला होता एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या खुनाचा. गोळी शिबनाथ सरखेलनं झाडली, याबद्दल सरकारला शंका नव्हती. पण सरकारनं पकडून आणलेला माणूस मी शिबनाथ नव्हेच म्हणत होता. माझं नाव रमणीमोहन, मी शिकवण्या घेतो, हे एकच पालुपद. शिबनाथ घरातून निघून गेल्याला वर्षं झाली होती आणि त्याचा फोटो कुठंच नव्हता. गावातला जो तो कोर्टात येऊन यांना आम्ही ओळखत नाही म्हणाला. त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, पण नाही म्हणणाऱ्याला काय करणार? हा शिबनाथच, एवढं ठरलं की तो फासावर जाणार होता.

मग सरकारी वकील त्रैलोक्य चाकलादार यांनी निभाला समन्स पाठवलं. तुळशीला पाणी घातल्याशिवाय ही बाई पाण्याचा घोट घेत नाही, ती गंगाजलावर हात ठेवून खोटं बोलणार नाही, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. निभा खोट्याला फार भ्यायची.

तिची सासू मात्र निश्चिंत होती. शिबनाथ निभाचा थोरला दीर. बंगाल्यांच्या घरात धाकटी सून थोरल्या दिराचं तोंड बघत नाही, नाव घेत नाही, त्याच्या सावलीलाही शिवत नाही. चुकून धक्का लागला तर भटजी बोलावून प्रायश्चित्त घ्यायचं. सासूनं तिला बजावलं, की जे खरं तेच सांग, थोरल्या दिराचं तोंड मी कधी पाहिलं नाही. निभाच्या जिवात जीव आला. दीर वाचणार होता आणि शपथही मोडणार नव्हती.

कोर्टात तिनं तांब्याच्या भांड्यातल्या गंगाजलावर हात ठेवला आणि तसंच सांगितलं. चाकलादार रागावले नाहीत. उलट हसले. तेही कुणाचे तरी थोरले दीर होते.

“बरोबर आहे, मा,” ते म्हणाले. “माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचं तोंड मीही पाहिलेलं नाही. पण मान खाली घालून वावरणाऱ्या बाईला पाय दिसतात. दिराचे पाय ओळखाल ना?”

आरोपीला अनवाणी पुढं आणलं. निभानं पदराखालून पाहिलं. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. हेच पाय अंगणात दिसले की ती दाराआड व्हायची. आणि इथंच घात झाला. तिला कळायच्या आत तिचा हात वर गेला आणि पदर वीतभर खाली आला.

ते चाकलादारांनी टिपलं. इतका वेळ इतके पुरुष समोर होते, तेव्हा पदर हलला नाही, मग हे पाय पाहूनच का ओढला, असं त्यांनी मोठ्यानं विचारलं. तीन न्यायाधीशांपैकी जे बंगाली होते, त्यांनी टाक खाली ठेवला. आता नाही म्हणून काही उपयोग नव्हता. तिच्या हातानंच साक्ष दिली होती.

निभानं दोन्ही हातांनी पदर मागं टाकला. मान वर केली आणि त्या माणसाच्या तोंडाकडं बघितलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून. त्यालाच ते सोसवेना, त्यानं मान खाली घातली.

“गंगामाईची शपथ, मी यांना ओळखत नाही,” ती म्हणाली. “हे माझे दीर असते, तर मी असं बघितलं असतं का?”

चाकलादारांनीच नजर वळवली. बंगाली न्यायाधीश साहेबाच्या कानाशी लागून बराच वेळ बोलले. साहेबाला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण कोर्टातल्या एकूण एक बंगाल्याची खात्री पटली होती, की कुठलीही सून थोरल्या दिराकडं असं बघणार नाही. शिबनाथ रमणीमोहन म्हणून सुटला आणि कलकत्त्यात रमणीमोहन म्हणूनच राहिला. खटल्याची गोष्ट गावोगाव गेली. एका पदरानं सरकार बुडवलं, असं लोक हसून सांगू लागले.

घरी कुणी हसलं नाही. सासूला ताबडतोब प्रायश्चित्त हवं होतं. पण पोलिसांचा दारोगा भटजीच्या ओटीवर तळ ठोकून बसला होता. सरखेलांकडं काही विधी आहे का, म्हणून रोज विचारायचा. तोही बंगालीच. प्रायश्चित्त घेतलं, की तो माणूस दीरच होता हे सिद्ध. तेव्हा सासूला निभाच्या हातचं मुकाट्यानं जेवावं लागलं. घाटावर बायका कुजबुजायच्या. त्यांतल्या एकदोघी तरण्या सुनांचे पदर मात्र त्या वर्षी बोटभर मागं सरकले.

इंग्रज गेले आणि शिबनाथ हार घालून घरी आला. ओटीवर माणसं मावेनात. सासूनं त्याच दिवशी भटजीला बोलावलं. स्वराज्य आलं, आता दारोग्याची भीती नाही, राहिलेलं उरकून घेऊ, असं तिनं सगळ्यांदेखत सांगितलं.

निभा रोहू माशाचं डोकं घालून केलेली डाळ घेऊन वाढायला आली होती. तिनं भांडं खाली ठेवलं.

“मा, गंगाजलावर हात ठेवून मी खोटं बोलले. इतक्या वर्षांत त्याबद्दल मला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. त्याचं प्रायश्चित्त सांगा, आत्ता घेते. बघितल्याचं घेणार नाही.”

भटजी पंचांग चाळू लागले. सासू मुलाकडं बघत राहिली. शिबनाथ पानावर मान खाली घालून बसला होता. मग त्यानं ताट उचललं आणि निभापुढं धरलं.

“वाढा, बउमा,” तो म्हणाला. बउमा म्हणजे सूनबाई. त्यानं तिला मारलेली ही पहिली हाक.

तिनं डाळ वाढली. पदर तिनं पुढं ओढला नाही.