चवळीचे आठ दिवस

मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. फराबुगू गावात, पत्र्याच्या छपराखाली राहते. मित्रांनो, माझ्या वयाच्या गिरण्या जुन्या आठवणी काढून उसासे टाकतात. मला तेवढी सवड नाही. मला राग आलाय, तो ऐकून घ्या.

तरुणपणी मी डिझेल प्यायचे. आमच्या देशाला ना समुद्र, ना स्वतःचं डिझेल. सगळं यायचं सीमेपलीकडच्या परक्या बंदरातून. तिकडे कुणी सीमा बंद केली की इकडे माझी घरघर बंद. मग पहाटेपासून उखळात मुसळं पडायची. मला चालवणारी न्येबा त्राओरे सोललेले तळहात माझ्यापुढे धरून म्हणायची, "बघ मेले, तुझ्या नखऱ्यांपायी!" माझे कसले नखरे? रिकाम्या पोटी कोण चालेल?

शेतांभोवती मोगली एरंडाची कुंपणं पूर्वीपासून होती. त्या बियांच्या तेलाचा बायका साबण करायच्या. तेच तेल इंजिनातही जळतं, हे न्येबाच्या कानावर आलं. बायकांनी दोन वर्षं साबण विकून तेलाचा घाणा घेतला. पहिल्या घोटाला मी खोकले, काळा धूर ओकले, आणि मग अशी धडधडले की कोंबड्या पळाल्या. मोठे पाहुणे आले, माझ्या अंगावर हात ठेवून फोटो काढून गेले. गावचा मुखिया झुमाना कुलुबाली छाती फुगवून म्हणाला, "आता डिझेलवाला गेला उडत!"

मग शहरातून ट्रक घेऊन बियांचा व्यापारी आला. त्या दिवसापर्यंत एकही पुरुष त्या बियांसाठी वाकला नव्हता. बायकी काम ना ते! भाव ऐकला आणि सगळ्यांच्या कंबरा वाकल्या. "कुंपण आमच्या शेताचं, म्हणजे बिया आमच्या," म्हणाले. बायकांनी वेचून भरलेली पोतीसुद्धा उचलली. माझं अर्ध्या वर्षाचं जेवण परदेशातल्या मोटारींसाठी निघून गेलं. उरलेली पोती झुमानाच्या कोठारात पडली, ट्रकच्या दुसऱ्या फेरीसाठी. आणि त्याच महिन्यात सीमा बंद झाली, म्हणजे डिझेलही नाही. घ्या आता! ती पोतीही गेली असती, तर बायकांच्या नशिबी पुढच्या हंगामापर्यंत मुसळच होतं.

झुमानाचं अंगण माझ्या समोरच. न्येबा तरातरा तिथे गेली. आमच्याकडे त्राओरे आणि कुलुबाली या आडनावांच्या लोकांनी थट्टेत एकमेकांना वाटेल ते बोलायचं असतं. जो चिडेल त्याची गावभर छी थू. त्यातली ठरलेली शिवी 'चवळीखाऊ', म्हणजे चवळी खाऊन पादणारा.

"काय रे चवळीखाऊ, आमच्या बिया कुठे दडवल्यास?"

"आली का माझी बटीक!" झुमाना हसला. "बिया विकायच्यात. तुम्ही कांडा की. तुमच्या आया कांडत नव्हत्या?"

"कांडायच्या बाबा. पण कुलुबालींना पीठ हवंय कशाला? चवळीला दळण लागत नाही."

त्या संध्याकाळी बायकांनी ठरवून गावातल्या प्रत्येक कुलुबाली पुरुषापुढे उकडलेली चवळी ठेवली. दुसऱ्या दिवशी चवळी. तिसऱ्या दिवशीही चवळी. बाजरीची घट्ट उकड नाही, भेंडीचं कालवण नाही. चिडावं तर थट्टा आहे, चिडता येत नाही! पाचव्या दिवशी चहाच्या किटलीभोवती पुरुष एकमेकांपासून हातभर लांब बसायला लागले. मी आयुष्यात एवढी कधी हसले नव्हते.

आठव्या दिवशी निरोप आला, उद्या ट्रक येतोय. त्याच दुपारी झुमाना न्येबापुढे उभा राहिला. "पुरे ग बाई. आज तरी उकड होऊ दे."

"पीठ कुठाय?" तिने मुसळ त्याच्या हातात दिलं. "कांड."

सगळं गाव बघत होतं. झुमाना कांडायला लागला. बाजरीचा कोंडा अजून धड सुटलाही नव्हता, तोवर त्याच्या तळहाताला फोड आला आणि फुटला. तो हाताकडे बघत राहिला. मग त्याने न्येबाचे हात बघितले. इतकी वर्षं समोर राहतो, पण ते त्याने पहिल्यांदाच बघितले असावेत.

"कोठार उघडा," तो मुलांना म्हणाला. "कुंपणाच्या बिया वेचणारीच्या."

ट्रक रिकामा परत गेला आणि मी पुन्हा धडधडले. लोक म्हणतात, आता राग सोड. का सोडू? गेलेली पोती परत आली का?

मित्रांनो, मला पुसू नका, रंग देऊ नका. फक्त ज्यांनी वेचलं त्यांना विचारल्याशिवाय माझ्या तोंडचा घास विकू नका. आणि न्येबाने ते मुसळ झुमानाच्या दाराशी टेकवून ठेवलंय. ते तिथून कुणी हलवायचं नाही.