काकांचा सरावाचा मेल

ऑफिसातल्या इंग्रजी मेलच्या वर्गात गोदामवाले काका सगळ्यांत मागे बसायचे. एकदा बाईंनी सरावाला विषय दिला: माणसाला कामावरून कमी केल्याचं कळवा, पण मन न दुखवता. कसला मेला विषय! तरी काकांनी जीव ओतून लिहिलं. ‘तुमची उणीव आम्हाला रोज भासेल,’ हे वाक्य बाईंनी दोनदा वाचून दाखवलं, मेल साहेबांनाही पाठवला. काका घरी बायकोपुढे केवढे मिरवले!

पुढच्याच महिन्यात गोदाम बंद करायचं ठरलं आणि काकांना साहेबांचा मेल आला. शब्दन् शब्द त्यांचाच, वर फक्त नाव घातलेलं.

वर्गातल्या सवयीने काकांनी आधी चुका शोधल्या. एक सापडेल तर शपथ.