चांगुणाच्या मांड्या

आता मांडी घासते हे दुखणं काय कुणाला सांगण्यासारखं आहे? डोकं दुखलं तर माणूस कपाळाला फडकं बांधून चारचौघांत मिरवतो. पोटात दुखलं तर शेजारीण ओवा घेऊन धावत येते. पण नव्या नवरीच्या दोन्ही मांड्या एकमेकींवर घासून सोलवटल्या, तर तिनं सांगावं कुणाला? चांगुणानं कुणालाच सांगितलं नाही आणि तिथंच सगळं बिघडत गेलं.

चांगुणा वरसाव्याची. भातशेतीच्या घरातली, डोंगराचं गोडं पाणी पिऊन वाढलेली, अंगानं चांगली भरलेली. सासर खाडीकाठच्या खारीत, आणि खारीत तेव्हा म्हणजे अडतीस-एकोणचाळीसच्या सुमाराला सगळा कारभार मिठाचा. मिठागरात जोडीनं काम मिळायचं. नवऱ्यानं वाफ्यातलं मीठ ओढून काठाला लावायचं, बायकोनं ते टोपलीत भरून डोक्यावरून राशीपर्यंत न्यायचं. बांध एवढाएवढासा, त्यावरून बायकांची रांग चालायची. एक थांबली की मागच्या सगळ्या थांबल्या. चांगुणाचा नवरा धर्मा गरीब स्वभावाचा, कामाला वाघ. पण त्याची एकट्याची किंमत शून्य. बायको बसली की नवराही घरी.

टोपलीतलं खारं पाणी ठिबकून लुगडं कमरेपासून खाली भिजायचं. घट्ट काष्टा, वर ऊन, खाली जाड मांड्या. चौथ्या-पाचव्या दिवशीच कातडी लाल झाली, मग सोलली. माहेरी कुठं काही लागलं तर आई म्हणायची, मिठाचं पाणी लाव, जखम बसते. झालं! ही शहाणी रोज संध्याकाळी खाडीवर जाऊन त्या सोललेल्या मांड्या खाऱ्या पाण्यानं धुवायची, दातांवर दात दाबून. लुगडंही तिथंच खळबळून बांधावर वाळत टाकायची. कारण गोडं पाणी लांबच्या विहिरीवरून आणायचं, ते प्यायला नि चुलीला. लुगड्याला गोडं पाणी मागायची छाती कुणाची होती? वाळलेलं लुगडं पापडासारखं कडक व्हायचं, धाग्याधाग्यात मीठ बसलेलं. दुसऱ्या दिवशी तेच नेसून ती पुन्हा बांधावर. मग व्हायचं तेच झालं.

ती पाय फाकून चालायला लागली. बायका मागून हसायच्या, "बदक चाललं गं, बदक!" घरी सासू रखमाबाई. त्या बाईची जीभ म्हणजे विळ्याची धार. "वरसाव्याची लाडाची लेक! दोन खेपांत हिला धाप लागते!" चांगुणा मान खाली घालून ऐकायची. बोलली असती तर रडली असती, आणि सासूसमोर रडायचं नाही असं तिनं मनाशी ठरवलेलं होतं.

मे महिन्यात एका दुपारी ती भर बांधावर टोपलीसकट बसली. रांग अडली. मुकादम जोमा धावत आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यावरही मालकाचा डोळा. धर्माला म्हणाला, "हे असं चालनार न्हाय. दिवाली झाली की वाफे तुडवायला लागू. तुझी बायको रांगेत शेवटपर्यंत उभी ऱ्हायली तर तुमची जोडी. न्हाय तर दुसरी जोडी तयार हाय." धर्मा रात्री जेवला नाही. पानावरून उठताना एवढंच म्हणाला, "मग मी मुंबईला गोदीत जाईन. तू जा वरसाव्याला." बोलला तो सरळपणानं, रागानं नाही, आणि तेच चांगुणाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती न्हाणीच्या कुडाआड बसून मांडीला चिकटलेलं लुगडं सोडवत होती. ते कातडीसकट निघत होतं. तोंडात पदराचा बोळा कोंबला तरी आवाज बाहेर गेला. रखमाबाई डोक्यावर हंडा घेऊन नुकतीच विहिरीवरून आलेली. "काय चाललंय गं?" म्हणत ती आत डोकावली आणि तशीच उभी राहिली.

चांगुणानं डोळे मिटून घेतले. आता तोंडाचा पट्टा सुरू होणार. पण नाही. डोक्यावरचा हंडा खाली उतरला आणि त्यातलं गोडं पाणी तिच्या मांड्यांवर पडायला लागलं. थोडंथोडकं नाही, धार न तोडता.

"आय, चुलीला पानी..." चांगुणा चाचरली.

"चूल गेली खड्ड्यात. मुकाट्यानं बस." सासू हलक्या हातानं धूत होती. "खारं पानी लावलंस ना? मेली, जखमेला मीठ लावतंय का कोन! अगं आपलं अख्खं अंग मिठात, आनखी वरून कनाला?"

त्या रात्री भात झाला नाही. धर्माला भाकरीचा उरलासुरला तुकडा मिळाला, आणि रखमाबाईनं त्याला का म्हणून विचारूही दिलं नाही. खोबरेल लावून झाल्यावर तिनं स्वतःचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडलं आणि काष्ट्याखाली मांडीला कसं गुंडाळायचं ते दाखवलं. मग इकडंतिकडं बघून स्वतःचा काष्टा थोडा वर केला. दोन्ही मांड्यांच्या आतल्या अंगाला काळे, जाड, जुने डाग.

"मनाबी कोनी सांगलं न्हवतं," ती म्हणाली. एवढंच. आणि चांगुणा, जिनं रडायचं नाही म्हणून शपथ घेतली होती, ती सासूच्या गुडघ्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. इतक्या महिन्यांत त्या घरात तिला पहिल्यांदा मोकळं वाटलं.

जखमा भरल्या. पण रखमाबाई एवढ्यावर सोडणारी बाई नव्हे. "मांडी जाड हाय त्याचं काय न्हाय, मांडी ढिली हाय," तिचं म्हणणं. "ढिली मांडी एकमेकीवर लोलते, घट्ट मांडी आपल्या जागी ऱ्हाते." मग पावसाळाभर तिनं सुनेला पिदडलं. सकाळी उखळाला धरून उठायचं-बसायचं, पाठ ताठ, टाचा न उचलता. भाताच्या आवणात चिखल तुडवायचा तो गुडघा कमरेपर्यंत उचलून. घरामागच्या उतारावर रिकामी टोपली घेऊन चढायचं, मग अर्धी भरून, मग भरलेली. सासू ओट्यावर सुपारी कातरत बसायची आणि तिथून ओरडायची, "वाकलीस! पुन्हा!" सुरुवातीला रात्री मांड्या अशा भरून यायच्या की चांगुणाला अंथरुणावरून उठवत नसे. मनातल्या मनात ती म्हातारीला लाखोली वाहायची. मग म्हातारीच येऊन कोमट तेलानं पाय चोळून द्यायची. शिव्या द्यायच्या तरी कशा?

लुगड्याचं काय, विचाराल. मीठ संपून पाऊस पडेपर्यंत त्यासाठी रखमाबाई विहिरीला एक खेप जास्त करत होती. रोज. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, "म्हातारपनी तहान वाढलीय माझी." चांगुणाच्या कानावर हे गेलं तेव्हा तिनं हंडा हिसकावून घेतला, तर म्हातारी म्हणाली, "तुझे पाय दिवालीला लागनार हायेत. ठेव खाली."

दिवाळी झाली. वाफ्यातलं साचलेलं पाणी काढून तळाचा चिखल पायांनी तुडवायचा, तो फरशीसारखा टणक होईस्तोवर. बाया नि गडी एकमेकांच्या कमरेला धरून रांगेत उभे राहतात, एकदम टाच उचलायची, एकदम आदळायची. एकाचा पाय चुकला की सगळी रांग डगमगते. चांगुणा मधे, डावीकडं धर्मा, उजवीकडं रखमाबाई. म्हातारीला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपली येऊन उभी राहिली आणि जोमाची तिला हटकायची हिंमत झाली नाही.

सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं. चांगुणाच्या मांड्यांत आग होती, पण ती कष्टाची आग होती, कातडीची नव्हे. टाच पडत होती ती नेमकी पडत होती. दुपार कलली आणि पायाखालून चिखलाचा पचपच आवाज जाऊन थप्प, थप्प असा आवाज यायला लागला. जोमानं वाकून तळ दाबून पाहिला. "धर्मा, तुझी जोडी पक्की," तो म्हणाला. धर्मा येड्यासारखा हसत सुटला.

तेवढ्यात रांगेच्या टोकाची गोमी मटकन खाली बसली. मागल्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, आठवडाभर खाऱ्या पाण्यात बांध लिंपणारी पोर. उठली ती पाय फाकून. बायका खुसखुसल्या. जोमा म्हणाला, "तू उद्यापासून येऊ नको. तुझ्या नवऱ्याला सांग."

चांगुणानं गोमीचं तोंड पाहिलं. ते तोंड तिला पाठ होतं. तिची जोडी आत्ता कुठं पक्की झाली होती, समोर गडीमाणसं उभी होती, आणि तिला हेही कळत होतं की गप्प बसण्यातच शहाणपण आहे. तरी ती बोललीच.

"मुकादम, तिला काम न्हाय जमत असं न्हाय. तिच्या मांड्या सोलल्यात. माझ्याबी सोलल्या व्हत्या. कालजी घेतली तर पंधरवड्यात बरी व्हते."

गडी दुसरीकडं बघायला लागले. धर्माचे कान लाल झाले. जोमा ओरडला, "लाज हाय का न्हाय? बापयांसमोर मांड्या काढतेस? जोडी पायजे का नको तुना?"

एका वाक्यात सगळं घालवलं आपण, असं चांगुणाला वाटलं. मग तिच्या कमरेभोवतीचा उजवीकडचा हात घट्ट झाला.

"जोमा," रखमाबाई म्हणाली, नेहमीसारखी ओरडून नाही, अगदी हळू. "माझ्याबी सोलल्या व्हत्या. आनि तुझ्या आयच्याबी. ती रांगेत माझ्या पुढं चालायची. तिच्या लुगड्याला मागून रक्त लागलेलं मी बघलंय. तू पोटात असताना."

"आय कवा बोलली न्हाय," जोमा म्हणाला.

"कोनाला बोलनार? तुना?"

रांगेतली एक बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली, मग दुसरी. मघाशी खुसखुसलेल्याच. जोमानं वाकून पुन्हा एकदा तळ दाबून पाहिला. मग गोमीकडं न बघता म्हणाला, "बरी झालीस की ये. तुझी जागा कोनाला देत न्हाय." आणि बांधावरून भराभर निघून गेला.

घरी जाताना धर्मा पुढं गेला होता. चांगुणानं म्हातारीचा हात धरला. "आय, तू नसतीस तर मी आज वरसाव्याला असते," ती म्हणाली. "जन्मभर तुझे उपकार न्हाय फिटनार माझ्याच्यानं."

"फिटले," रखमाबाई म्हणाली. "मी जे जोमाच्या आयला बोललेच न्हाय कवा, ते तू गोमीला बोललीस." आणि एवढं बोलून ती चालता चालता थांबली, सुनेच्या खांद्यावर भार टाकून, कारण दिवसभर तुडवून तिचे म्हातारे पाय आता अजिबात उचलत नव्हते. चांगुणानं तिला पाठुंगळी घेतली आणि ती घराकडं चालायला लागली.