पोटात राहिलेला होकार

मी बोलतेय, कोरियातल्या जेजू बेटावरची काचेची बाटली. मला ना सरबत ठाऊक, ना लोणचं. घडवल्यावर माझ्या पोटातली हवासुद्धा शोषून घेतली. रिकामं पोट, हेच माझं भांडवल.

बेटावर हवेचे नमुने भरणारा को मानबोक दर आठवड्याला मला कड्यावर न्यायचा. तोंड वाऱ्याकडे, हात उंच, श्वास रोखलेला. मग तोटी उघडायची. फुस्सकन समुद्रावरची हवा आत! तिथून माझी स्वारी थेट सोलला, प्यो ह्येरिमबाईंकडे. हवेत कुठला वायू किती वाढेल आणि त्यानं पृथ्वी किती तापेल, याचं मॉडेल त्या संगणकावर बांधत होत्या.

पण त्यांचं मॉडेल एक सांगे आणि माझं पोट दुसरंच. माझ्यात कार्बन डायऑक्साइड नेहमी जास्त निघे.

"बाटली कशाला खोटं बोलेल? माझंच चुकलंय," म्हणत त्यांनी वर्षानुवर्षांचं काम मोडायला काढलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. पण मोडण्याआधी एकदा मला स्वतः भरायचं, म्हणून त्या बेटावर आल्या.

कड्यावर त्यांनी श्वास रोखला, तोटी फिरवली. तेवढ्यात बू आजी वर आल्या. समुद्रात बुड्या मारून शिंपले काढण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"काय गं पोरी, जेवलीस का?"

मोठ्यांनी विचारावं आणि आपण गप्प राहावं, हे आमच्याकडे होत नाही. बाई चटकन वाकून म्हणाल्या, "हो आजी, जेवले." अख्खा होकार माझ्या पोटात!

बाई थबकल्या. "मानबोक, तुम्हालाही विचारतात?"

"दर वेळी. जेवणाच्या वेळेलाच येतात ना त्या. उत्तर नको द्यायला?"

"अहो, म्हणजे मी इतके दिवस तुमचा श्वास मोजत बसले!"

मानबोकचं तोंड एवढंसं झालं. आजी मात्र कडाडल्या, "मान हलव की रे मेल्या! मी पाण्याखाली बोलते का कधी?"

तेव्हापासून मानबोक नुसती मान हलवतो. माझ्या बहिणींचे आकडे मॉडेलशी छान जुळतात. मॉडेल वाचलं, बाईही हसू लागल्या.

मला मात्र त्यांनी रिकामं केलं नाही. त्यांच्या टेबलावर मी मजेत आहे. कधी आलात तर माझी तोटी तेवढी फिरवू नका. आजवर माझ्यात एकच खोटं शिरलंय, आणि ते मला फार प्रिय आहे. बाई त्या दिवशी जेवल्याच नव्हत्या. आजींनी ते तोंडावरूनच ओळखलं आणि हाताला धरून त्यांना घरी पेज प्यायला नेऊन बसवलं.