जावयाचं घराणं

आमच्या घराला जावई एकच, आणि तोही बरणीत. माझं लग्न झालं नाही, आता होण्याची चिन्हंही नाहीत, तेव्हा हा मान गेली एकोणतीस वर्षं एका बेडकाकडे आहे. नाव बाबांनी ठेवलं. पाय पोटाशी घेऊन, अंग फुगवून, डोकं जरा वर करून तो असा बसलाय की मानपानात काहीतरी कमी पडलंय असं वाटावं. बाबा संग्रहालयात बरण्या सांभाळायचे. साप, सरडे, पाली, बेडूक आणायचे, फॉर्मालिनमध्ये घट्ट करायचे, बरणीत बसवायचे आणि चिठ्ठी लावायची, हे त्यांचं सदतीस वर्षांचं काम.

जावई त्यांना एका कड्याखालच्या ओहळात मिळाला. खरं तर दोन मिळाले होते, पण दुसऱ्याच्या बरणीचं झाकण सैल राहिलं आणि तो सुकून गेला. पुढच्या वर्षी तिथे दगडाची खाण सुरू झाली. ओहळ गेला. मग लोक शोधायला जात राहिले, चार वेळा मीही गेले, ओले बूट आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परत आले. त्या बेडकाचं जगात जे काही उरलंय ते त्या एका बरणीत आहे.

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे हेच चालतं: कोण कोणाचा कोण. डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांबच लांब ओळ. दोन प्राण्यांच्या ओळी शेजारी ठेवायच्या, फरक मोजायचे. फरक थोडे तर नातं जवळचं, फरक जास्त तर वेगळं होऊन युगं लोटली. आमच्या प्रमुखांना सगळे बाई म्हणतात, त्यांच्यापेक्षा मोठेसुद्धा. बाईंच्या खोलीत भिंतभर वंशवृक्ष आहे. त्यावर एकच फांदी तुटक रेघेची, आणि तिच्या टोकाला पेन्सिलीने लिहिलंय, 'जावई?'. त्याच्या जबड्याचं हाड बघून बाईंना वाटायचं की हा इथल्या कुठल्याच बेडकाचा सख्खा नाही आणि चुलतही नाही. डायनासोर जिवंत होते तेव्हाच घरातून वेगळा निघालेला आहे. तसं असेल तर तो गेला म्हणजे एक बेडूक गेला असं नाही, अख्खं घराणं गेलं. ते निदान कळावं, एवढंच मागणं होतं.

अडचण फॉर्मालिनची. ते शरीर जपतं आणि डीएनएचा चुरा करतं. जावयाच्या मांडीचा तुकडा घेतला, यकृताचा घेतला. दहा-पंधरा अक्षरांपलीकडे सलग काही वाचता येईना. पण आमच्याकडे त्याचं एक बोट होतं. तांदळाच्या दाण्याएवढं, छोट्या कुपीत, अल्कोहोलमध्ये, बाबांच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट. बाबा हजार वेळा सांगायचे, "पकडल्या पकडल्या कापलं आणि कुपीत टाकलं. फॉर्मालिनचा थेंब लागू दिला नाही." अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो. त्या बोटावर सगळी मदार.

अर्धं बोट वापरलं, काही आलं नाही. बाई म्हणाल्या, "राहू दे उरलेलं. पुढे तंत्र सुधारेल." मी ऐकलं नाही. पुढे म्हणजे कधी? बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या, बाबांना अठ्ठ्याहत्तर पूर्ण झालेली आणि छाती फॉर्मालिनने पोखरलेली. आठवडाभर मी बाईंच्या डोक्याशी भुणभुण केली. माझ्या बाबांचा शब्द आहे, म्हटलं. शेवटी त्यांनी हात टेकले. उरलेलं बोट मी स्वतः दळलं.

निकाल आला आणि मी खुर्चीतून उठलेच. लांब, स्वच्छ, सलग ओळी! बाई मात्र पडद्यासमोरून हलल्या नाहीत.

"वाचन सुरेख आलंय," त्या म्हणाल्या. "माणसाचं आहे."

"माझा हात लागला असेल? मी दोन-दोन हातमोजे घातले होते बाई."

"बस." बाहेरचा डीएनए मिसळला तर ओळखता यावा म्हणून आमच्या सगळ्यांच्या ओळी नोंदवून ठेवलेल्या असतात. बाईंनी त्या लावून बघितल्या होत्या. "तुझ्याशी जुळतं, पण निम्मंच. तू नाहीस."

निम्मं. आईने त्या कुपीला कधी हात लावला नव्हता, तिला किळस यायची. मी हिशेब लावत बसले आणि बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या निदान 'वाईट वाटून घेऊ नकोस' म्हणाल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

बाबा कधी हातमोजे घालायचे नाहीत. मोज्यातून पाठीचा कणा कळत नाही म्हणायचे. त्यांची बोटं नेहमी पांढरी, भेगाळलेली असायची, कातडीचे पापुद्रे निघायचे. नाकही त्याच कामात गेलं, गेली चाळीस वर्षं त्यांना कसलाच वास येत नाही. मी लहान असताना जेवायच्या आधी ते दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरायचे. "बघ गं, वास येतोय का?" मी नाक मुरडून "येतोय" म्हणायचे आणि ते परत नळावर जायचे. कधीकधी तीन-तीन वेळा. मला खूप गंमत वाटायची.

मी दुपारीच घरी आले. बाबा टेबल आवरून बसले होते. समोर जाड कागदाची नवी चिठ्ठी, कडा सरळ कापलेल्या. तारीख, ठिकाण, पकडणाऱ्याचं नाव, सगळं काळ्या शाईत लिहून झालेलं. 'कूळ' या शब्दापुढे जागा मोकळी. ही चिठ्ठी बरणीवर तेच लावणार असं बाईंनी कबूल केलं होतं.

"काय म्हणतात जावईबापू?" त्यांनी विचारलं. "निघालं का घराणं?"

खोटं बोलायचं मी रस्त्यात ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण त्यांच्या हातातलं पेन बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

"तुम्ही निघालात, बाबा. कुपीत बेडूक नाहीच, तुमची कातडी आहे. बेडकाचं एक अक्षर नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अल्कोहोलमध्ये तुमची कातडी टिकली, मग बोट का नाही? फॉर्मालिन लागलं होतं ना त्याला?" मी विचारलं. "खरं सांगा."

त्यांनी चिठ्ठीची कडा बोटाने सरळ केली. मग म्हणाले, "एकच रात्र."

"बाबा!"

"अगं, तो मरताना आखडत होता. बोटं वाकडी झाली असती. इतका देखणा जीव... म्हटलं, आधी नीट बसवू, घट्ट होऊ दे, बोट सकाळी कापू. एका रात्रीने काय होतंय. आणि मागून सगळे विचारायला लागले, लगेच कापलं होतं ना? लगेच कापलं होतं ना? म्हटलं, हो."

"एकोणतीस वर्षं?"

"म्हणता म्हणता मलाही खरं वाटायला लागलं." मग अगदी हळू विचारलं, "बोट उरलंय ना थोडं?"

"नाही. मी संपवलं."

दोघांनी मिळून संपवलं होतं त्याला, त्यांनी देखणेपणापायी, मी घाईपायी. खाणवाल्यांनी ओहळ नेला, पण त्याचं घराणं आम्ही बुडवलं. डायनासोर गेले, तेव्हाही कदाचित टिकून राहिलेलं घराणं. आता ते कोणालाही, कधीही कळणार नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. माझाही आला होता, पण तो काढायला समोर कोणी नव्हतं.

बाबा उठले. नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला. साबण घासल्याचा आवाज येत होता. मग ते ओले हात घेऊन आले, दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले. काम सोडून अठरा वर्षं झालेले ते स्वच्छ हात.

"बघ गं," ते म्हणाले, "वास येतोय का?"

साबणाशिवाय कसलाही वास नव्हता.

"येतोय," मी म्हटलं. ते परत नळाकडे गेले.