न वाचलेलं परीक्षण

मिर्ताने तो कागद टेबलावर पालथा टाकला आणि त्यावर साखरेचं भांडं ठेवलं.

“हे छापलंच पाहिजे का?”

“पाहिजेच, मिर्ताबाई,” हिमेना म्हणाली. ती चित्रपट संग्रहालयातून आली होती, मिर्ताच्या एकुलत्या एका फिल्मची पुस्तिका घेऊन. शनिवारी, बत्तीस वर्षांनी, ती फिल्म पुन्हा पडद्यावर येणार होती. “लोक फिल्म बघतील, मग हे परीक्षण वाचतील आणि म्हणतील, या ओलासोला डोळे होते की बटणं?”

“तो वारला. आता त्याला काहीही म्हणा.”

“तुम्ही नजर तरी टाका. सही करण्याआधी पुन्हा एकदा वाचलेलं बरं.”

“पुन्हा कुठलं? मी ते कधीच वाचलेलं नाही.”

हिमेना हसली. मग इथे हसायचं नव्हतं हे तिच्या लक्षात आलं.

खरंच होतं ते. मिर्ताने ते परीक्षण वाचलं नव्हतं, तिला ते ऐकवलं गेलं होतं. माँटेव्हिडिओत कुणी कुणाला तोंडावर वाईट बोलत नाही, त्यासाठी वर्तमानपत्रं असतात, आणि तेव्हा वर्तमानपत्रात ओलासो होता. ‘या बाईंच्या हातात कात्री शोभेल, पण शिवणकामाची,’ असं त्याने पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. शुक्रवारी सकाळी ते छापून आलं आणि दुपारपर्यंत बेकरीतल्या बाईलाही पाठ झालं. त्यापुढे वाचायची कुणाला गरजच पडली नाही. इतर दोन समीक्षकांनी त्याचीच री ओढली. पहिल्या खेळाला अकरा माणसं आली, त्यातली चार घरची. पुढच्या फिल्मचा शब्द दिलेला निर्माता मिर्ता समोरून येताना दिसली की दिसेल त्या दुकानात शिरायचा. एकदा तर तो बायकांच्या केशकर्तनालयात शिरला होता.

लोकांनी ते वाक्य खरं मानलं आणि हळूहळू तिनेही मानलं. दुसरी पटकथा लिहिताना प्रत्येक पानावर तिला वाटायचं, हे कुणाला कळणार नाही. शेवटी तिने ती फाडली आणि ती शाळेत इतिहास शिकवायला लागली. सत्तावीस वर्षं तिने पोरांकडून सनावळ्या घोकून घेतल्या.

त्या दिवसांत तिच्या बाजूने उभा राहिला तो एकटा विल्मार, तिचा नवरा. तो त्याच थिएटरात प्रोजेक्टरच्या मशीनवर होता. गुरुवारी सकाळचा, फक्त समीक्षकांसाठीचा खेळ त्यानेच चालवला होता; तुझ्या फिल्मला दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही, म्हणाला होता. मिर्ता स्वतः गेली नव्हती. त्या खेळाला दिग्दर्शकाने जायचं नसतं, समुद्राकाठी नखं खात फिरायचं असतं. आणि शुक्रवारी तिला जाग येण्याआधी विल्मारने कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडचे सगळे अंक आणून फाडून टाकले होते. “वाचू नकोस, डोळे विटाळतील,” तो म्हणाला होता. ही गोष्ट ती आयुष्यभर कौतुकाने सांगत आली होती. नवरा असावा तर असा, असं ऐकणाऱ्या बायका म्हणायच्या.

आताही तो पाहुणीसाठी बेकरीत गेला होता.

मिर्ताने साखरेचं भांडं बाजूला सरकवलं आणि चष्मा लावला.

“वाचते. आता माझं आणखी काय वाकडं होणार आहे?”

पहिला परिच्छेद तिला पाठच होता. दुसऱ्यात ओलासोने लिहिलं होतं: ‘मुलगा अजून गावात आलेलाही नाही, तोच आई त्याला पुरते. आपण बावचळतो, पण निदान टोपी काढतो. वीस मिनिटांनी तोच मुलगा बसमधून उतरतो, आईच्या हातचा रस्सा चापतो आणि विचारतो, रडतेस का? बाईंना वाटत असावं की काळ उलटा केला म्हणजे कला होते.’

तिने ते पुन्हा वाचलं. मग ओळीवर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचलं, शाळेत कच्चं पोर वाचतं तसं.

“मुलगा आधी येतो,” ती म्हणाली. “मग बुडतो. मग दफन.”

“तेच मला विचारायचं होतं,” हिमेना उत्साहाने पुढे सरकली. “आमच्याकडच्या प्रतीतही बस आधी आहे. ओलासोने भलतंच लिहिलंय. की तुम्ही टीकेनंतर फिल्म पुन्हा जुळवलीत?”

मिर्ता बोटांवर मोजत होती. फिल्मची रिळं पाच डब्यांत होती, एकेका डब्यात वीस मिनिटं. पहिल्यात नदी, दुसऱ्यात वाट बघणारी आई, तिसऱ्यात बस, चौथ्यात दफन. चौथा डबा मशीनवर आधी चढला आणि तिसरा नंतर, तर पडद्यावर अगदी हेच दिसलं असतं. ओलासोने जी फिल्म पाहिली, ती तिने केलेलीच नव्हती.

दार उघडलं. विल्मार आत आला, काखेत थर्मास, हातात बिस्कोचो पावांची तेलकट पुडी.

“काय गं म्हातारे, पोरीला सुकंच बसवलंस? गरम आहेत, घ्या.” मग त्याला टेबलावरचा कागद दिसला. “ही घाण कशाला उकरून काढली?”

“हिमेनाला एक शंका आहे,” मिर्ता म्हणाली. “तूच सांग. त्या गुरुवारी मशीनवर तू होतास.”

हिमेनाने शंका सांगितली. विल्मारने पुडी सोडली आणि बिस्कोचो ताटलीत लावायला घेतले, गोड एका बाजूला, खारे एका बाजूला. इतक्या निगुतीने त्याने आजवर कधी काही लावलं नव्हतं.

“फार वर्षं झाली,” तो म्हणाला.

“आठवून बघ,” मिर्ता म्हणाली.

“नंतर बदलली ना हिने.” तो हिमेनाकडे बघून बोलत होता. “ते लिहिलेलं फार मनाला लागलं होतं. आठ दिवस बसून पुन्हा जोडली. आठवतं ना, मिर्ता?”

मिर्ताने फिल्म पुन्हा कधीच जोडली नव्हती. डबा चुकला होता, एवढं जरी तो आत्ता म्हणाला असता तरी तिने त्याला माफ केलं असतं. शिव्या घातल्या असत्या, ताटली भिंतीवर फोडली असती, पण माफ केलं असतं. त्या गुरुवारी दिवे लावून तेवढंच म्हणायचं होतं. शुक्रवारी सगळे पेपर फाडण्याऐवजी पेपरला दोन ओळी लिहायच्या होत्या. तिला त्याचा इतका संताप आला की खारा बिस्कोचो उचलायला ताटलीकडे गेलेला हात तिने पुन्हा मांडीवर ठेवला.

“वा! मग तशी टीप घालते,” हिमेनाने पेन काढलं. “‘टीकेनंतर दिग्दर्शिकेने पुन्हा संकलित केलेली प्रत.’ म्हणजे ओलासोचा उपयोगच झाला म्हणायचा.”

“टीप घाल,” मिर्ता म्हणाली. “पण माझ्या शब्दांत. लिही. ‘ही फिल्म पूर्ण झाल्यापासून आजपर्यंत तिला कुणीही हात लावलेला नाही.’ ओलासोच्या परीक्षणाला लागून छाप. परीक्षण सगळं छाप, शब्द न् शब्द.”

“पण आत्ता हे म्हणाले...”

“आणि श्रेयनामावलीत एक नाव राहिलंय. ‘समीक्षकांचा खेळ, मशीनवर: विल्मार सिल्वेरा.’ आडनाव नीट लिही.”

हिमेनाने अर्धी ओळ लिहिली. मग तिचं पेन थांबलं. तिने मिर्ताकडे पाहिलं, विल्मारकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घालून ओळ पुरी केली. मिर्ताने सही केली. बिस्कोचो तसेच टाकून पोरगी घाईघाईने निघून गेली. परीक्षणाची प्रत तिथेच राहिली.

विल्मारने ताटलीतले बिस्कोचो एकेक करून पुन्हा पुडीत भरले.

“शनिवारी मला नाही जमणार,” तो शेवटी म्हणाला. “गुडघा धरलाय.”

“बरं,” मिर्ता म्हणाली. “मग आत्ताच ऐक.”

तिने चष्मा सारखा केला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, सावकाश, वर्गात वाचत असे तशी. दुसऱ्या परिच्छेदापाशी विल्मारची खुर्ची मागे सरकली.

“बस खाली,” ती कागदावरची नजर न काढता म्हणाली, आणि वाचत राहिली.