कुंपणातलं एक्केचाळिसावं झाड

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास लिंबोणी मुळासकट निघाली. वाचली नाही. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे कुणी उगाच आशा लावून बसायला नको. आता असं धरून चालू की असं काही झालेलंच नाही, आज सोमवार आहे आणि लिंबोणी जागच्या जागी उभी आहे. माळी तरी असंच धरून चालतो, आणि गोष्ट त्याचीच आहे.

नव्या वसाहतीच्या फाटकापासून क्लबहाउसपर्यंत कामिनीच्या झुडपांचं कुंपण होतं. उंची तीन फूट. तीन म्हणजे तीनच. माळ्याकडे खुणेची काठी होती आणि काठीच्या वर डोकं काढणाऱ्याचं डोकं दर पंधरा दिवसांनी उडायचं. या कुंपणात तेविसाव्या जागी लिंबोणी होती. ती माळ्याच्या बायकोने लावली म्हणणं जरा जास्तच होईल. ती इथेच जिने झाडायची, दुपारी कुंपणाच्या कडेला बसून डबा खायची, लिंबाची फोड चोखायची आणि बिया थुंकायची. त्यातली एक रुजली.

"उपटतो हिला," माळी तेव्हा म्हणाला होता.

"राहू द्या की. कापत राहा, आपोआप कामिनी होईल."

माळी कापत राहिला. कामिनीचं पान आणि लिंबाचं पान लांबून सख्ख्या बहिणी दिसतात. काटे तेवढे तो नेलकटरने काढायचा. कळी दिसली की खुडायचा. तीन वर्षांत लिंबोणीने एकही लिंबू दिलं नाही, कारण माळ्याने देऊ दिलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी बायको दवाखान्यात गेली आणि तिसऱ्या दिवशी तिथूनच गेली. कसे आहात, असं लोक विचारायचे. "पाणी चालू आहे," माळी सांगायचा. लोकांना वाटायचं, बागेचं सांगतोय. तोही बागेचंच सांगत होता. छाटणी झाली की लिंबोणीचं एक पान चुरगाळून तो हुंगायचा. पंधरा दिवसांत तेवढं एकच काहीतरी त्याच्यापर्यंत पोहोचायचं.

सोमवारी मोजणीवाला आला. बिल्डर वसाहत सोसायटीच्या ताब्यात देणार होता, म्हणून नकाशाप्रमाणे झाडं तपासायची होती. मोजणीवाल्याने कुंपण तीनदा मोजलं.

"एक्केचाळीस भरतायत. नकाशात चाळीस आहेत."

"जास्त असलं तर चांगलंच ना, साहेब?"

"कमी असतं तर चाललं असतं. कमीचा कॉलम आहे. 'मृत' लिहायचं, विषय संपला. जास्तीला कॉलमच नाही हो. एक काढून टाका."

"कुठलं?"

"कुठलंही. सगळी सारखीच तर दिसतायत."

तीन वर्षांतली ही पहिली शाबासकी होती. शिवाय कुठलंही म्हणजे कामिनीही चालणार होती. चाळीस कामिनींतली एक गेली की लिंबोणी कागदावर कायमची कामिनी झाली असती. माळ्याने बायकोच्या जुन्या फडक्याची निळी चिंधी काढली आणि लिंबोणीला बांधली. ज्याला हात लावायचा नाही त्याला चिंधी बांधायची, ही त्याची नर्सरीतल्या दिवसांपासूनची रीत. मेहुण्याला त्याने सांगितलं, "उद्या कुंपणातलं एक झाड काढायचंय. खूण केलीय."

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चाळिशीचा, वर्षभर माळ्याबरोबर कामाला. त्याआधी पंधरा वर्षं तो रस्ता रुंदीकरणाच्या टोळीत होता. तिथे चिंधी बांधलेलं झाड पाडायचं असतं.

मंगळवारी माळ्याला ऑफिसात बोलावलं, चाळीस झाडं जिवंत आहेत अशी सही करायला. सही करून तो परत आला तेव्हा मेहुणा खड्ड्याशेजारी पाय पसरून बसला होता.

"झालं, दाजी. काय चिवट होतं! कामिनी एवढी चिवट नसते."

"कुठाय?"

"कचऱ्याच्या गाडीत. गाडी गेलीसुद्धा. तुम्ही सही करत होता की सातबारा लिहीत होता?" मेहुण्याने घाम पुसता पुसता हात हुंगले. "दाजी, लिंबाचा वास येतोय."

"नवीन जात आहे."

"डबा खाल्ल्यावर ताईच्या हाताला यायचा बघा, अगदी तसा."

"हं."

"असं का बघताय? चुकीचं काढलं का मी?"

माळ्याने खड्ड्याकडे पाहिलं. हो म्हटलं असतं, तर आपण काय उपटलं हे या माणसाला जन्मभर माहीत राहिलं असतं.

"नाही. बरोबर चाळीस झाली."

"मग तोंड सरळ करा. हात धुऊन येतो."

"नको धुऊस. जेवेपर्यंत तरी."

"का?"

"पाणी बंद आहे."

दोन हातांच्या अंतरावर नळ ठिबकत होता. मेहुण्याने नळाकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं आणि हात पँटला न पुसता तसाच बसून राहिला. माळी त्याच्याशेजारी बसला. नेहमीपेक्षा जरा जवळ.

पंधरा दिवसांनी छाटणी आली. बावीस झाडं झाली. मग माळ्याने मोकळ्या जागेत काठी उभी केली आणि तीन फुटांवर हवेत कात्री चालवली. खच, खच, खच. खाली वाकून दोन काटेही काढले. मग चोविसावं.

सोसायटीचे सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते. "माळीदादा, तिथे काय कापताय?"

"वाढ."

"कसली वाढ? नकाशात नाही ते काही करायचं असेल तर लेखी द्या, लेखी!"

माळ्याने त्याच दुपारी लेखी दिलं.

"विषय: कुंपणातील जागा क्रमांक तेवीसबाबत. महोदय, सदर जागा रिकामी दिसत असली तरी तिची वाढ चालू आहे. तरी तिची नोंद 'मृत' या कॉलमात न करता 'जास्त' असा स्वतंत्र कॉलम काढून त्यात करावी, तिथे दुसरं झाड लावण्यात येऊ नये, आणि दर पंधरा दिवसांनी तिची छाटणी तीन फुटांवर करण्यास अर्जदारास कायमस्वरूपी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती."